निम्मी डाळ, निम्मे हुलगे

पाटोद्याच्या गिरणीत लाइट गेली, तेव्हा अंगदचे हुलगे अर्धेच दळून झाले होते. गिरणीवाला चहाला गेला. लाइट आली, पट्टा फिरला आणि उज्ज्वलाने आपला नंबर आला समजून हरभऱ्याची डाळ उरलेल्या हुलग्यांवर ओतून दिली. खाली आलं ते ना बेसन, ना हुलग्याचं पीठ. चूक कुणाची म्हणाल, तर तीही निम्मी निम्मी.

"ओतताना बघत होतात न्हवं? मग बोललात कावून न्हाई?"

"बघतच होतो…" अंगद म्हणाला, "म्हणून तर ध्यानात आलं न्हाई."

बघण्याचं हे काम तसं जुनंच. दिवाळीपासून अंगदच्या मेंढ्या खतासाठी उज्ज्वलाच्या वडिलांच्या, दादांच्या, रानात बसत होत्या. बांधाच्या अलीकडून ती, पलीकडून तो… नजरा भरपूर, शब्द एकही नाही. आणि उद्या तळ उठणार होता. मेंढ्या कडा गावाच्या बाजूला निघणार होत्या.

दिवस कलला तशी उज्ज्वला पिठाचा डबा घेऊन थेट तळावर गेली. तक्रार करायला, असं ती स्वतःलाही बजावत होती.

"मावशी, बघा तुमच्या लेकाचा कारभार! काय करू मी ह्या पिठाचं?"

अंगदच्या आईने, भिवराबाईने, आधी पिठाकडे बघितलं, मग पोरीच्या कोऱ्या ओढणीकडे. तक्रारीला कुणी कोरी ओढणी घेऊन येत नाही.

"पिठलं करून बघा की दोघं. मला कोकरू पाजायचंय," म्हणत ती उठून गेली.

तीन दगडांची चूल, अलीकडे ती, पलीकडे अंगद. तेलात मोहरी तडतडली, ठेचलेला लसूण लाल झाला. मिरची, कांदा, हळद… मग पाणी. उकळी फुटली तशी उज्ज्वला म्हणाली, "मी पीठ पेरते, तुमी हाटा. गुठळी झाली तर बघा."

"झाली तर काय करताल?"

"तुमालाच खायला लावीन."

"मग होऊ द्या की…"

"पातेल्यात बघा! माझ्याकडं न्हवं."

तिच्या बोटांतून पीठ भुरभुरत राहिलं. वाफ वर चढत होती, वाफेपलीकडे त्याचा चेहरा कधी दिसायचा, कधी विरायचा. ज्वारीच्या ताटांवरून गार वारा येत होता. मेंढ्यांच्या घंटा झोपेतल्यासारख्या वाजत होत्या, आणि तिला वाटलं, पीठ संपूच नये.

पण पिठलं म्हणजे झटपट काम. रटरटलं, झालं. भाकरीवर घेऊन अंगद खायला बसला. दोन गुठळ्या निघाल्या, त्या त्याने मुकाट गिळल्या.

"कसं झालंय?"

"लई खमंग. नुसत्या बेसनाला ही चव न्हाई."

त्याने दुसरी भाकरी मोडली.

"उद्या जातो आमी," तो शेवटी म्हणाला.

"ठाव हाय."

"एक बोलायचं हुतं… पन तोंडच उघडत न्हाई. पुढच्या दिवाळीला येऊ परत, तवा दादांना इचारीन म्हनतो."

"काय इचारताल?"

"तुमाला… मागणी घालीन."

चुलीतला जाळ एकदम तिच्या गालांवर आला. तिने मान खाली घातली. आता ही पळणार, असं अंगदला वाटलं. त्याचा घास हातातच राहिला.

"पुढच्या दिवाळीला कावून?" ती म्हणाली. "दादा आत्ता घरीच हायेत. मिशीचं पिठलं पुसा, आन चला."