झाकण उघडायचं नाही

"झाकण कुणी उघडलं?"

प्रयोगशाळेच्या दारात एक अनोळखी माणूस उभा होता. बूट चिखलाने माखलेले, हातात रिकामा खोका आणि नजर माझ्या हातातल्या बाटलीवर.

"मी," म्हटलं. "वास बघत होते…"

"वास. अत्तर आहे का ते?"

अशी आमची ओळख. तो बोअरवाला, जमिनीच्या पार पोटातलं पाणी काढणारा. मी प्रोफेसर मॅडमकडे नव्याने लागलेली संशोधक. अणुभट्टीतला कचरा खोल पुरायचा, तर तिथल्या पाण्यात कधीच तळाशी न बसणारी बारीक धूळ किती, हे मॅडम शोधत होत्या. या धुळीला म्हणतात कोलॉइड. कचऱ्यातलं विष तिच्यावर बसून थेट माणसांच्या विहिरींपर्यंत पोहोचतं. त्या पाण्यात लोखंड विरघळलेलं. हवा लागली की गंजतं, नवीच धूळ तयार होते आणि मोजणी खोटी ठरते. म्हणून बाटली उघडायची ती हवाबंद काचेच्या पेटीतच. मी शहाणीने ती टेबलावर उघडली होती. संध्याकाळी पाणी तांबूस झालं आणि मॅडमनी माझी बिनपाण्याने केली.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला.

"नाक लांब ठेवा," बाटली देताना म्हणायचा.

"तुम्ही बूट लांब ठेवा."

मग चहा. मग आणखी एक चहा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

कळत होती ती नुसती घालमेल. तो आला की बोलणं सुचायचं नाही, गेला की सगळं सुचायचं. फाटकात जीप वाजली की मी खिडकीशी, आणि ती दुसऱ्याच कुणाची निघाली की दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.

"अगं, बस की एका जागी," मॅडम वैतागायच्या. "तुझ्या येरझाऱ्यांनी माझा तराजू हलतोय."

आणि एक दिवस बाटली देत तो म्हणाला, "ही शेवटची. उद्या बोअर बुजवतोय. मशीन डोंगरापलीकडे चाललंय… वर्षभर तरी."

"आणि ही बिघडली तर?"

"तर दुसरी भरून देईपर्यंत थांबावं लागेल," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला आणि मॅडमना भेटायला गेला.

मी आणि बाटली. अंगठा झाकणावर. एक पीळ… आणि तो आठवडाभर तरी इथेच. कुणाला संशयही आला नसता, माझी ख्याती होतीच. पण त्या विहिरींचं पाणी उद्या कुणीतरी पिणार होतं. मी बाटली पेटीत सरकवली, तिथेच उघडली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकडे दोनदा वाचावे लागले.

तो परत आला. "कसं आहे?"

"नितळ. मोजणी झालीसुद्धा."

"छान," तो म्हणाला, पण चेहरा उतरला होता.

तो उतरलेला चेहरा बघून मला कुठून धीर आला, कोण जाणे.

"बिघडवणार होते," मी म्हणाले. "हात शिवशिवत होते. पण खोटं काम करून तुला थांबवायचं नव्हतं. मला तू आवडतोस… फार आवडतोस. एवढं ऐक आणि मग जा."

तो खोक्याची दोरी उगाच सोडत-बांधत राहिला.

"तिकडे फोन लागत नाही," अखेर तो म्हणाला. "रविवारी टेकडी चढून आईला करावा लागतो. ती तासभर सोडत नाही."

"मग?"

"आता तिला सांगावं लागेल… आई, लवकर आटप. तुझ्या सुनेलाही फोन करायचाय."