पाठमोरा

१९८९च्या डिसेंबरात कौतिक आणि मी जळगावात आमच्या दोघांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. दोघेही ड्रॉइंगचे शिक्षक. तो पिंप्राळ्याला राहायचा, मी धुळ्याला. भिकमचंद शेठजींनी त्यांच्या कापड दुकानाच्या माडीवरचा हॉल दिला होता. खाली लग्नाचे बस्ते बांधले जात, वर आमची अमूर्त चित्रं. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास जिन्यातून वर यायचा.

माझे कॅनव्हास तैलरंगातले. कौतिक मोठ्या फळीवर गोणपाट ताणून त्यावर काळी माती, डिंक, केळीच्या खोडाचे धागे बसवायचा. चित्रांना नावं द्यायची नाहीत आणि चित्रातून गोष्ट सांगायची नाही, हे कॉलेजपासून ठरलेलं. ओळखीचा आकार उमटला की आम्हीच तो एकमेकांना दाखवायचो आणि पुसायला लावायचो.

पहिल्या दुपारी अमळनेरकडच्या तानुबाई बस्त्याला आल्या होत्या, त्या सहज वर डोकावल्या. माझ्या चित्रांसमोरून न थांबता पुढे गेल्या आणि कौतिकच्या सर्वांत मोठ्या फळीपुढे उभ्या राहिल्या.

"हाऊ माणूस पाठ फिराईसन का बठेल शे?"

कौतिक हसला. "माणूस नाही तो, आजी. नुसती माती आहे."

"शे ना. खांदा दिखस तेन्हा."

मी पाहिलं. माती होती. वाळून भेगाळलेली.

दुसऱ्या दिवशी एका वकिलांनी तेच विचारलं, मग कॉलेजच्या मुलींनी. कुणाचं कुणाशी बोलणं झालेलं नव्हतं. सगळ्यांना एक बसलेला, पाठमोरा माणूस दिसत होता. आम्हा दोघांनाच दिसत नव्हता.

मग स्थानिक पेपरात चार ओळी आल्या आणि गर्दी वाढली. लोक जिना चढून थेट त्या फळीकडे जात. माझ्या चित्रांना त्यांच्या पाठी दिसत, एवढंच. एका सकाळी पाहिलं तर फळीखाली कार्ड लागलेलं: 'पाठमोरा'. अक्षर कौतिकचं.

"हे काय?" मी विचारलं.

"लोकांना दिसतो ना! माझ्याही मनात कुठेतरी असेलच की तो."

"तुझ्या मनात माती होती."

"तुला बघवत नाही, जीवराम," तो शांतपणे म्हणाला.

खरंच बघवत नव्हतं. मी फळीसमोर स्टूल ओढलं आणि बसलो. एवढ्या लोकांना दिसतं ते मला का दिसू नये? डोळे चुरचुरेपर्यंत मी पाहत राहायचो. मागे लोक जमत, कुजबुजत. मी मान वळवत नव्हतो. नाकात मातीचा ओला वास बसला होता. माती तर केव्हाच वाळली होती.

तानुबाई पुन्हा आल्या, नवरीच्या मामीला घेऊन. माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि एकदम मागे सरल्या.

"आते तेन्हा कान दिखस," त्या म्हणाल्या. "फिरी ऱ्हायना तो." म्हणजे तो माणूस वळू लागला होता.

त्यानंतर लोक फार वेळ थांबेनासे झाले. बोलणंही कमी झालं. शेठजी आले, फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा फळीकडे.

"जीवरामभाऊ, तुम्ही बसला होतात का यासाठी? मॉडेल म्हणून?"

मी कौतिककडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आता त्यालाही दिसत होतं.

"काय केलंस तू माझ्या चित्राला?" त्याने विचारलं. हे विचारताना तो फळीकडे पाहत होता.

"मी हातही लावलेला नाही."

खालून चहा आला, एकच कप. तो कौतिकने घेतला आणि माझ्यासमोर उभं राहून प्यायला. त्यात राग नव्हता. तिथे मी असल्याचं त्याच्या ध्यानातच नसावं.

शेवटच्या दिवशी दुपारी माझी बायको, प्रमिला, धुळ्याहून एसटीने आली. हातात डबा. माझी चित्रं पाहायला ती कधीच आली नव्हती. जिन्यात तिची चाहूल लागली आणि मला हायसं वाटलं. स्टुलावरून उठलो, दारापर्यंत गेलो. ती माझ्या बाजूने आत गेली.

सरळ फळीसमोर जाऊन थांबली. चेहऱ्यावर हसू आलं.

"चाला, जेवी ल्या," ती फळीला म्हणाली. "डबा लई येल शे."

"प्रमिला."

तिने मागे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पदर डोक्यावर नीट घेतला आणि अंग चोरून थोडी बाजूला सरकली, मला चित्र दिसावं म्हणून.

"बघा ना, भाऊ," ती म्हणाली.