वाघिणीचे राखून ठेवलेले पॉईंट

माझ्या वाघिणीच्या अंगात कुणीतरी आग भरली होती!

म्हणजे झालं असं. शिरूरच्या बाजारपेठेत बाळासोमामांचं नेट कॅफे होतं. माझा कॉम्प्युटरचा क्लास सुटला की मी तिथं जाऊन एक गेम खेळायची. राक्षस मारत मारत तळघरात उतरायचं. लेव्हल वाढली की एक पॉईंट मिळायचा, तो आग, बर्फ नाहीतर वीज यांतल्या एका विद्येत टाकायचा. एकदा टाकला की टाकला, परत काढता येत नाही. गेममध्ये लढणाऱ्या माझ्या बाईचं नाव मी वाघीण ठेवलं होतं आणि तिचे पॉईंट जिवापाड राखले होते. कारण गेमचं नवं अपडेट येणार होतं. शेवटच्या राक्षसाच्या पुढचा सगळा भागच त्यात बदलणार होता, मग तिथं कुठली विद्या चालेल नि कुठली पडेल, कुणी सांगावं? आणि त्या दिवशी खुर्चीत बसते तर काय, सगळेच्या सगळे पॉईंट आगीत!

"मामा! माझ्या वाघिणीला हात कुणी लावला?"

बाळासोमामांनी मान वरसुद्धा केली नाही, नुसतं बोट दाखवलं. शेजारच्या पीसीसमोर कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममधला एक पोरगा बसला होता. तोंडात वडापाव.

"तुमची होती व्हय ती?" घास कसाबसा गिळत तो म्हणाला. "पॉईंट नुसतंच पडून होतं. मला वाटलं, कुणीतरी टाकायचं इसरलं."

"म्हणून तुम्ही टाकलेत? उद्या माझ्या घरात तांदूळ दिसले तर भात लावाल?"

"भूक लागली असली तर... लावीन की."

मला हसू आलं, पण मी ते ओठातच दाबलं. असल्या माणसापुढं हसलं की संपलं! डोळे मात्र त्याचे — जाऊ दे. डोळ्यांचं नंतर सांगते.

त्याचं नाव सम्राट. कोरेगाव भीमाचा, रांजणगावला एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. माझ्या वाघिणीची भरपाई म्हणून त्यानं त्याच पीसीवर नवी वाघीण सुरू केली आणि ठरलं की ती दोघांनी मिळून वाढवायची. त्याची शिफ्ट आठवड्याला बदलायची. फर्स्ट असली की तो संध्याकाळी यायचा, माझ्या शेजारी बसायचा. सेकंड असली की सकाळीच खेळून जायचा आणि दुपारी मी यायची ती रिकाम्या खुर्चीत. मग मी आधी गेममधल्या गावातली पेटी उघडायची. त्यानं त्यात माझ्यासाठी काहीतरी ठेवलेलं असायचं. कधी हातमोजे, कधी ढाल. एकदा अंगठी होती.

"ही अंगठी कशाला?" पुढच्या आठवड्यात मी विचारलं.

"बर्फाची ताकद वाढती तिनं." त्याचे कान लाल झाले. "दुसरं काय न्हाई."

"मी दुसरं काय विचारलं का?"

"न्हाई... म्हंजी, सांगून ठेवलं."

मामांच्या काउंटरवरून खाकरल्याचा आवाज आला.

भांडणं तर रोजची. त्याचं म्हणणं, आजची मारामारी आज. पॉईंट हातात आला की टाकून मोकळं व्हायचं. माझं म्हणणं, अर्धे राखायचे.

"आवो, पण तवर मेली म्हंजी?"

"मरत न्हाई. हळू चालायचं, जपून लढायचं. अपडेट येऊ द्या, मग बघा."

"तुला सगळंच उद्यावर टाकायचं असतंय बघ."

तुला म्हणाला! दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. तेवढ्यात लोडशेडिंगची लाईट गेली, पंखा घरघरत थांबला आणि उन्हाळ्याची ती उकाड्याची संध्याकाळ आमच्या अंगावर बसली. माउसवर माझा हात होता. माउस समजून त्यानं हात ठेवला... आणि उचलायला जरा उशीरच केला. मीही हात काढला नाही. काढायला सुचलं असतं तर काढला असता ना!

मग पुण्याहून अपडेटची सीडी आली. मामांनी ती टाकली, आम्ही दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसलो. शेवटच्या राक्षसाच्या पुढचे नवे राक्षस आगीला भीक घालत नव्हते, बर्फालाही नाही. मी राखलेले सगळे पॉईंट विजेत ओतले आणि वाघिणीनं एकेकाला असा लोळवला की कॅफेतली पोरं खुर्च्या सोडून आमच्या मागं उभी राहिली. सम्राट स्क्रीनकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता.

"मानलं," तो म्हणाला. "आजपास्नं मी तुझ्या थिअरीवर."

मी फुशारले. कसली फुशारले, गाढवच मी! कारण तो खरंच माझ्या थिअरीवर गेला.

माझे पप्पा एसटीत कंट्रोलर. त्यांची दौंडला बदली झाली. सामान बांधायच्या आधीच आत्यानं एक स्थळ आणलं. मुलगा बँकेत, दौंडच्या नव्या घरी तीन आठवड्यांनी रविवारी बघायला येणार. मला रात्रभर झोप नाही. अंथरुणात नुसती तळमळ. दुसऱ्या दिवशी सम्राटला गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

तो माउसची वायर बोटाला गुंडाळत बसला.

"बरं," म्हणाला.

"बरं? बरं काय?"

"म्हंजी... मी परमनंट होऊ दे. पुढल्या वर्षी घेतील म्हणत्यात. मग बोलू की. तूच म्हणतीस ना, राखून ठेवायचं, मोक्यावर टाकायचं..."

मी त्याच्या हातातला माउस ओढून घेतला. "आरं, तो खेळ हाय! तिथं राक्षस थांबतोय आपल्यासाठी. रविवार थांबतोय व्हय?"

"पण कंत्राटी माणसाला कोण पोरगी देतंय, दीक्षा?"

"ते माझ्या बापाला ठरवू दे! तू आधी माग तरी!"

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. रडले नाही. एसटी स्टँडवर पोचल्यावर रडले, तेही संत्र्याची गोळी तोंडात ठेवून, म्हणजे कुणाला वाटावं आंबट लागलंय.

दौंडचं एसटी कॉलनीतलं ते घर मला खायला उठायचं. खोल्या बऱ्या होत्या, पाणी यायचं, सगळं होतं. पण मी बसले की उठायची, उठले की दारात जायची. शेजारच्या गिताबाई अंगणात कुरडया घालायच्या. त्या म्हणायच्या, "आगं, पायाला भिंगरी लावलीय का?" मी काय सांगणार? शिरूरची गाडी आली की हॉर्नवरून ओळखायला लागले होते मी.

बघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी आईनं उद्याचे पोहे निवडायला बसवलं. एवढ्यात दारात पप्पांचा आवाज आला. ड्युटीच्या वेळेला पप्पा घरी?

"दीक्षा, ह्यो कोण हाय बघ. डेपोच्या खिडकीवर येऊन मलाच पत्ता विचारत होता. कंट्रोलर कांबळेंचं घर कुठं म्हणून."

पप्पांच्या मागं सम्राट उभा होता. तोच निळा युनिफॉर्म, पायात कंपनीचे जड बूट, तोंडावर वाटेतल्या न्हावऱ्याच्या रस्त्याची सगळी धूळ. फर्स्ट शिफ्ट सुटली तसाच गाडीत बसला होता.

"जय भीम, मावशी," तो आईला म्हणाला.

"मला म्हणाला, कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलोय," पप्पा म्हणाले. "आपल्याकडं कॉम्प्युटर कवा आला गं?"

सम्राट खाली बुटांकडं बघत होता. घामाचा थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आला, तो पुसायचीही त्याला हिंमत होईना. मला त्याचा राग आला, दया आली आणि... आवडलाच तो मला. इतका आवडला की हातातलं सूप खाली पडलं, पोहे घरभर.

"पप्पा," मी म्हणाले, "तो मला मागणी घालायला आलाय. कंत्राटी हाय, परमनंट न्हाई. उद्याचं स्थळ बँकेतलं हाय, ते मला ठाऊक हाय. तरी मला ह्योच पाहिजे."

आई "आगं बाई!" म्हणून मटकन खालीच बसली. पप्पांनी टोपी काढली, पंख्याचं बटण दाबलं, लाईट नव्हती. मग टोपीनंच वारा घेत सम्राटकडं वळले.

"घरी कोण कोण हाय?"

"आई, आप्पा... धाकटी बहीण."

"त्यांना ठाऊक हाय?"

"न्हाई. आज सांगतो."

"आधी त्यांना सांग. मग घेऊन ये. आत्याला काय कळवायचं ते मी बघतो." पप्पा माझ्याकडं वळले. "त्याला पाणी दे आधी. पोरगं पडंल हितं."

तो तीन तांबे पाणी प्यायला. पप्पा ड्युटीवर गेले, आई पोहे गोळा करायला लागली, आणि मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले.

"सम्राट, एक सांगू? सगळं मीच बोलले. तू अजून एक शब्द बोलला न्हाईस."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. शेजारी कुरडयांच्या साडीपाशी गिताबाई हात थांबवून उभ्या. समोर दोन कंडक्टर सायकली धरून उभे. मी मात्र हललेच नाही फाटकातून.

"मला तुझ्याशी लगीन करायचंय!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की कंडक्टरची सायकल पडली. मग एकदम हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, "करशील?"

मी नुसती त्याच्या त्या डोळ्यांकडं बघत राहिले...

"आगं, हो म्हण की बाई पटकन!" गिताबाई कुंपणावरून ओरडल्या. "आत माझं दूध उतू चाललंय!"