खुंटीवरचं स्टेअरिंग

बसा असे अंगणात, पण त्या पलीकडच्या ओसरीकडं पाठ करू नका. चिमाजीअण्णांची ओसरी ती. आमच्या भिंतीला भिंत. शेजारी दिवा लागला की आमची मान वळतेच, ही खोड सगळ्या निरगुडसरला ठाऊक आहे. म्हणून तर हे कळलं.

अण्णांचा लांब नाकाचा जुना ट्रक होता. चाळीस वर्षं त्यांनी तो हाकला. मग उजवं अंग लुळं पडलं. डाव्या हाताची दोन बोटं त्याआधीच ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडून गेलेली. राहिला अंगठा आणि दोन बोटं. मुलगा संपत आता तीच गाडी सजवून नवरदेवाच्या वरातीला न्यायचा. पण स्टेअरिंगला खेळ फार. अर्धा फेरा फुकट जायचा, तेव्हा कुठं चाकं वळायची. म्हणून अण्णांनी त्याला शिकवलेलं, "वळण यायच्या आधीच फिरवायला लाग."

शेवटी मंचरच्या सावळेराम मिस्त्रीनं स्टेअरिंगचा अख्खा बॉक्स बदलला, वर नवं छोटं स्टेअरिंग बसवलं. जुनं, परातीएवढं, अण्णांनी भंगारात जाऊ दिलं नाही. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेलं ते. मधल्या भोकात खुंटी घालून ओसरीत टांगलं.

चोवीस सालच्या डिसेंबरातली चार तारीख, बुधवार. संपत शिनोलीच्या वरातीला निघाला.

"अण्णा, आता एक बोट लावलं तरी वळतीया बघा."

"नवरीवानी जप तिला."

"मंग नवरदेवाला काय सांगू, राव?" हसतच गेला.

तो गेल्यावर अण्णांच्या ध्यानात आलं. आधी फिरवायची सवय मोड, हे सांगायचंच राहिलं! फोन लावला. लागेना. दहादा लावला.

रात्री एक वाजून दहा मिनिटं. अण्णा बल्बखाली जागेच होते.

कुर्रर्र... खुंटी वाजली.

स्टेअरिंग जरासं डावीकडं गेलं. सरळ झालं. वारा नव्हता.

पुन्हा. डावीकडं... उजवीकडं... अण्णांनी डोळे मिटले आणि रस्ता ओळखला. शिनोलीची वेस. मग मोरी. मग देवळाचा वळसा. संपत परत निघाला होता. पुढं सरळ पट्टा, त्याच्या टोकाला कालव्याचं उजवं वळण. देवळापासून तिथवर शंभर मोजावे लागत. चाळीस वर्षांचा हिशेब, चुकायचा नाही.

अण्णा मोजू लागले. पन्नास. साठ. फोन... संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

सत्तर.

स्टेअरिंग उजवीकडं फिरायला लागलं.

"आरं, लवकर हाय... लेका, थांब..."

फरफटत भिंतीशी गेले. डाव्या हातानं स्टेअरिंगचं कडं धरलं. ते ओढत होतं. माणसानं ओढावं तसं. अण्णांनी सगळं अंग टाकलं.

धरलं.

हलू दिलं नाही.

मग ओढ संपली... एकदम.

आम्ही दिवा बघून गेलो, तर म्हातारा स्टेअरिंगला लटकलेला. घामानं ओलाचिंब. सगळं सांगितलं, आणि वर एकच घोकणी, "वाचवला... पोराला वाचवला म्या."

पहाटे फोन आला. गाडी कालव्यात. संपत जिवंत होता, पण कमरेखाली काही उरलं नव्हतं. दवाखान्यात अण्णांचा हात धरून तो म्हणाला,

"गाडी लई हलकी पळत व्हती, अण्णा. जोरात व्हतो, वळण लवकरच आलं. पर आधी फिरवायची सवय मोडली व्हती मी. बराबर वळणावर येऊनच फिरवलं... फिरंचना. कुणीतरी... दाबून धरल्यावानी."

अण्णांनी हात सोडवून घेतला. तेव्हापासून ते कुणाशीच बोललेले नाहीत.

गाडी ओढून आणल्यावर सावळेरामानं नवं स्टेअरिंग काढलं आणि गुपचूप आमच्या हातात दिलं. टणक, कोरं. फक्त एका जागी, ओल्या मातीत रुतावं तसं, खोल उमटलेलं...

एक अंगठा. दोन बोटं.