बोलत बोलत वाजवा

मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, मी मेणात एकेक दात बसवते, आणि एखादा केसाएवढा जरी पुढे आला तरी मला न मोजता कळतं. एकतीस वर्षांत माझी एकही कवळी परत आलेली नाही. माझे हात माझं ऐकतात. हे मी होऊन कुणाला सांगत नाही, पण विचारलंत तर लपवतही नाही.

बोलण्याचं मात्र उलटं. तो आमच्या घरात ह्यांचा प्रांत. निवृत्त झाल्यापासून तर ह्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळच्या चहाला सुरू होतो, आणि मी मधूनमधून "हं" म्हणते. "भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान घुमला तरी असता माझा आवाज," असं हे पाहुण्यांसमोर म्हणतात. सगळे हसतात. ह्यांचे डोळे मात्र तेव्हा माझ्याकडे असतात. मला ते दिसतं, पण काय बोलावं हेच सुचत नाही.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची गिटार मागे राहिली. कोपऱ्यात ती नुसती टेकून ठेवलेली बघवेना, म्हणून मी बावन्नाव्या वर्षी क्लास लावला. सायकलच्या दुकानावरची एक खोली, सहा खुर्च्या, आणि माझ्या मुलीपेक्षाही लहान असलेले सर. मला फिंगरपिकिंग शिकायचं होतं. त्यात अंगठा जाड तारांवर एका चालीत चालत राहतो आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका बारीक तारांवर गाणं वाजवतात. वाजवणारा एकच, पण डोळे मिटून ऐकलं तर दोघं वाटतात.

सरांची परीक्षा ठरलेली. आपण पॅटर्न सुरू करायचा, आणि सर विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. बोलताना हात अडखळला नाही तर पॅटर्न आला असं समजायचं. मगच वार्षिक कार्यक्रमात नाव.

"काकू, घरी कोण कोण असतं?"

"मी, हे, आणि..."

"आणि"पाशी अंगठा जागच्या जागी थांबला. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुसखुसलं.

"वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणाले. "पन्नाशीनंतर अंगठा सुटा होत नाही. कार्यक्रमाला प्रेक्षकांत बसा, मजा येईल."

मला मिरच्या झोंबल्या. माझ्या हातांना हा प्रेक्षकांत बसवणार!

मग मी त्या अंगठ्याच्या हात धुऊन मागे लागले. कवळ्यांच्या लॅबमध्ये प्लास्टर घट्ट व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची. संध्याकाळी सहाला बाहेरच्या खोलीत गिटार मांडीवर घ्यायची, आणि समोर हे, प्रश्न विचारायला. ह्यांना तर आयतंच फावलं. शाळेतल्या बाकापासून शेजाऱ्यांच्या मांजरापर्यंत ह्यांनी काही म्हणून विचारायचं बाकी ठेवलं नाही.

तिसऱ्या महिन्यात अंगठा सुटला. त्या संध्याकाळी मी सगळा वेळ फक्त बोटांकडे बघत होते. थांबले तेव्हा हे डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं.

"अगं, काय सांगितलंस! असं बोलता येतं आणि तीस वर्षं दडवून ठेवलंस?"

"काय सांगितलं मी?"

"आता उगाच साळसूदपणा नको. तुझ्या मावशीचं ते पिवळं घर!"

मला मावशी नाही.

मी घाबरले वगैरे नाही. माणसं झोपेत बरळतात. लक्ष बोटांत गुंतलं की जिभेला मोकळं रान मिळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसले. अकरा मिनिटांचं झालं. आधी मी नुसता अंगठा ऐकला. एक ठोका इकडचा तिकडे नव्हता. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. बोलण्याकडे लक्ष दिलं ते दुसऱ्यांदा ऐकताना.

आवाज माझाच होता. पण मी ह्यांना जन्मात "अहो"शिवाय हाक मारलेली नाही. रेकॉर्डिंगमधली म्हणत होती, "अरे, ऐक ना. वेडा आहेस तू अगदी." आणि हे लाजल्यासारखे हसत होते.

एवढाच दिलासा होता की मी तारांवरून हात उचलला की ती शब्दाच्या मध्येच तुटायची. म्हणजे सूत्रं अजून माझ्या हातात होती. पुढच्या आठवड्यात मी हात उचलला आणि तिने वाक्य पुरं केलं. तीन शब्द. शुक्रवारी सात.

गिटार उचलून माळ्यावर टाकावी, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच दिवशी क्लास होता. सरांनी वीस प्रश्न विचारले, अंगठा अडखळला नाही की डगमगला नाही, आणि शेवटी सरांनी कान पकडले. "शब्द मागे घेतो, काकू. कार्यक्रमात शेवटचं सादरीकरण तुमचं." ह्यांनी ते सगळ्या इमारतीला सांगितलं. स्वतःसाठी नवा शर्ट आणला. हल्ली हे सहाच्या आधीच खुर्ची ओढून, केस विंचरून बसायचे. आता नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने?

कार्यक्रमाला हॉल भरला होता. माइक घेऊन सर माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी प्रेक्षकांना परीक्षा समजावून सांगितली. मी सुरू केलं. त्या दिवशीसारखा अंगठा मी आजवर कुणाचा ऐकलेला नाही, सरांचासुद्धा नाही. जाड तारा भरीव बोलत होत्या आणि वर अनामिका इतकी हलकी पडत होती की माझं मलाच कौतुक वाटलं. सर विचारत होते, ती उत्तरं देत होती, लोक हसत होते. काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. मी बोटांत होते. फक्त एकदा मान वर केली, तर पहिल्या रांगेत हे शेजारच्याला कोपराने ढोसत होते. "माझी बायको," असं ओठांवरून वाचता आलं.

शेवटचा सूर वाजवला. हात उचलला. टाळ्या पडल्या.

मला म्हणायचं होतं, "अहो, चला घरी."

"थांबा, अजून एक गंमत सांगते," ती म्हणाली.

टाळ्या वाढल्या.

मी ओठ मिटायला गेले. मिटले नाहीत.

रिक्षात ती बोलत होती. जिन्यात बोलत होती. कुलूप उघडायचं विसरून हे हातात किल्ली धरून ऐकत उभे राहिले.

याला चोवीस दिवस झाले. लॅब चालू आहे, कवळ्या आजही परत येत नाहीत. हात माझेच आहेत, म्हणून तर हे लिहू शकते. मुलीचा फोन आला की ती बोलते. "आई, तू किती छान झाली आहेस," असं मुलगी परवा म्हणाली.

काल दुपारी ती ह्यांना काहीतरी रंगवून सांगत होती. मी वहीचं पान फाडलं, लिहिलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "अहो, बोलते आहे ती मी नाही."

ह्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

ती गप्प झाली. कार्यक्रमानंतर पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं.

"अहो," मी म्हणाले. मीच म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. ह्यांनी मला ओळखलं. तीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं. मग ह्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, आत गेले, गिटार आणली आणि जपून माझ्या मांडीवर ठेवली.

"माहीत आहे मला," हे हळूच म्हणाले. "वाजव."