पाहुण्यांची हिरवी बाथरूम

"ताई, दांडा मी बसवला होता. पोरांची शपथ घेऊन सांगतो."

फोनवर सुतार होता. आत्या ताडकन उठून बसली. तिचा थोरला भाऊ, दादा, जाऊन अजून आठवडा झाला नव्हता, आणि ज्याच्यामुळे तो गेला असं सगळे म्हणत होते, तोच माणूस तिला फोन करत होता.

"लाज नाही वाटत?"

"लाज वाटण्यासारखं काही केलं नाही. तुमच्या भाच्यानं पोलिसात तक्रार दिलीय. संध्याकाळी साहेबांनी परत बोलावलंय, बहुतेक आतच टाकतील. तुम्ही फौजदार होतात ना? एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग बेड्या तुम्हीच घाला."

आत्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी नातेवाइकांत ती अजून फौजदारीणबाईच होती. पोराबाळांच्या शपथा तिनं नोकरीत पोत्यानं ऐकल्या होत्या. खोट्या शपथेबरोबर बहुतेक वेळा रडू येतं. हा माणूस रडत नव्हता, चिडला होता. तिनं पायात चपला सरकवल्या.

घडलं होतं ते असं. दादाचे गुडघे गेले होते आणि मोतीबिंदूनं नजर धूसर झाली होती. कमोडवरून उठायला त्याला आधार लागायचा. भाच्याच्या बायकोनं घरातली छोटी बाथरूम नव्यानं करायला काढली, तेव्हा कमोडशेजारच्या उंच कपाटाला स्टीलचा जाड दांडा लावायचं ठरलं. रंगाच्या वासानं दादाला खोकला यायचा, म्हणून काम संपेपर्यंत तो आत्याकडे राहिला. रविवारी संध्याकाळी भाचा त्याला घेऊन गेला. सोमवारी सकाळी दादा कमोडवरून उठायला गेला, शेजारी हात टाकला आणि कोसळला. डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्या मुठीत सापडली ती टॉवेल अडकवायची नाजूक पितळी दांडी. दोन्ही टोकांना दुहेरी चिकटपट्टी. स्टीलच्या दांड्याचा पत्ताच नव्हता. सुतारानं दांडा लंपास केला आणि ही दांडी चिकटवून काम उरकलं, असं भाचा म्हणत होता.

दार भाच्यानंच उघडलं.

"बाथरूम बघायचीय," आत्या म्हणाली.

"आता काय बघायचं त्यात? पोलिसांनी बघितलीय की."

"मी नाही बघितली."

या बाथरूमला घरात पाहुण्यांची बाथरूम म्हणायचे. कुठले पाहुणे? भाच्याच्या घरी मुक्कामाला कुणी आल्याचं आत्याला आठवत नव्हतं. ती वापरायचा एकटा दादा. पण म्हाताऱ्याची बाथरूम म्हटलं असतं, तर तिच्यावर एवढा खर्च कोण करणार?

दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढीच जागा. पण सजवली होती झोकात. बेसिनखाली गडद हिरवं कपाट, कमोडशेजारी तसलंच उंच कपाट, त्यांना पितळी मुठी. गोल आरसा. गुंडाळून रचलेले पांढरे टॉवेल. फळीवर वेष्टनातले नवे ब्रश, आणि अर्ध्यापर्यंत पिळून चपटी झालेली टूथपेस्टची ट्यूब. बेसिनखाली सुतारानं ठेवलेला उरलेल्या हिरव्या रंगाचा छोटा डबा, पुढेमागे ओरखडा पडला तर असावा म्हणून. खिडकीच्या कोपऱ्यात एका वाटीत दादाची कवळी अजून तशीच होती. ती उचलायला कुणाचा हात झाला नव्हता, किंवा कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.  आत्या बाहेर आली आणि दिवाणखान्यात भाच्यासमोर बसली.

"शुक्रवारी काम संपलं, तेव्हा तू बघितलंस?"

"वरवर. माझ्या डोक्याला दुसरे ताप होते. रविवारी दुपारी ऑफिसची मंडळी जेवायला यायची होती, मोठे साहेबसुद्धा."

"त्या कपाटाला तेव्हा काय होतं?"

"तीच पितळी दांडी."

"ती तुझ्या बापाचं वजन पेलेल असं वाटलं तुला?"

"आत्या, मी काय सुतार आहे? सगळं ती ठरवत होती, तिच्या आईच्या आजारपणात माहेरी बसून फोनवरून. हिरवा असाच हवा, मुठी तशाच हव्यात. स्टीलचा दांडा दवाखान्यासारखा दिसतो म्हणून तिनंच नाक मुरडलं होतं. सुताराला तिनं काय सांगितलं, तिलाच विचार."

बायकोकडे बोट दाखवायला त्यानं जराही वेळ लावला नाही. आत्यानं ते मनात टिपलं.

"मंडळींना आवडलं का घर?"

भाच्याचा चेहरा उजळला. "साहेब म्हणाले, हॉटेलात आल्यासारखं वाटतं." मग आपण कशाबद्दल बोलतोय हे लक्षात येऊन त्यानं हसू आवरलं.

आत्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. "इथे दादाचं घड्याळ असायचं ना? टोल देणारं?"

"काढलं. त्या रविवारी मंडळी येणार होती ना. फार जुनाट दिसायचं."

"खिळ्याचं भोकसुद्धा दिसत नाही."

"जन्म भाड्याच्या घरांत गेला, आत्या. घर सोडताना एकाही घरमालकाला भिंतीवर भोक सापडलं नाही. त्यात आपला हात कुणी धरणार नाही!"

भाचेसून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. आत्या आली तरी तिनं मान वर केली नाही. या पोरीबद्दल आत्याचं मत आधीपासूनच बरं नव्हतं. घराच्या सजावटीपायी माणसं विसरणारी बाई, असा तिनं तिच्या नावावर शिक्काच मारून ठेवला होता.

"सूनबाई, स्टीलचा दांडा दवाखान्यासारखा दिसतो, असं तू म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते."

"मग सुताराला लावू नको म्हणालीस?"

"नाही."

"दांडा बसला की नाही, तुला कसं कळलं?"

"यानं फोनवर सांगितलं, बसला म्हणून. तेच मी बाबांना सांगितलं."

"आणखी काही सांगायचंय?"

ती पुसलेलीच ताटली परत पुसायला लागली. "सध्या एवढंच."

सध्या! पोलिसी कानाला असले शब्द खटकतात. पोरगी काहीतरी पोटात ठेवून होती. पण दरडावून काढायला गेलं तर ते आणखी आत जाणार, हेही आत्याला कळत होतं.

ती परत बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

कमोडशेजारचं उंच कपाट उघडून तिनं टॉवेल बाहेर काढले. आत, बाजूच्या फळीला लाकडाचा जाडजूड ठोकळा पक्का बसवलेला होता. त्यावर काही टांगलेलं नाही, ठेवलेलं नाही. मग हा ठोकळा कशासाठी? तिनं मोबाईलचा उजेड टाकला. ठोकळ्यात भोकं होती. वर दोन, खाली दोन.

कपाट बंद करून तिनं बाहेरच्या बाजूनं, त्याच उंचीवर, हिरव्या रंगावरून बोट फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटाला मात्र चार खळगे लागले, डाळीच्या दाण्याएवढे. अंबाड्यातली पिन काढून तिनं एक खळगा टोकरला. हिरवा पापुद्रा सुटला आणि आतून पांढरं, मऊ काहीतरी आलं. तिनं ते नाकाशी नेलं.

मग ती कमोडचं झाकण पाडून त्यावर बसून राहिली. वास तिनं लगेच ओळखला होता. ओळखला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ज्या पोराला तिनं खांद्यावर बसवून फिरवलं होतं, तो बाहेर सोफ्यावर बसला होता.

जाता जाता तिनं दिवाणखान्यात घड्याळाच्या जागीही पिन घालून बघितली. भाचा फोनवर होता, त्याला दिसलं नाही. मग तिनं सुताराला फोन लावला.

"इकडे या. आणि येताना पेचकस आणि चार मोठे स्क्रू घेऊन या."

"याला घरात कशाला घेतलंस?" सुताराला बघून भाचा कडाडला.

"ओरडू नकोस. इकडे ये. सूनबाई, तूही ये."

आत्या बाथरूममध्ये कपाटाला टेकून उभी राहिली. सुतार बेसिनपाशी. भाचा दारात, त्याच्या मागे त्याची बायको.

"सुतारदादा, हा ठोकळा कशाला बसवलात?"

"दांड्यासाठी. नुसती फळी माणसाचा भार धरत नाही, स्क्रू उपटून येतो. आतून ठोकळा दिला की हत्ती लोंबकळला तरी चालतो."

"ऐकलंस? ज्याला चिकटपट्टीनं दांडी डकवून पळायचंय, तो कुणाला न दिसणारा ठोकळा कशाला बसवेल? दांडा बसला होता. या फळीत त्याची चार भोकं आहेत. नंतर कुणीतरी तो काढला, भोकं बुजवली आणि बेसिनखालच्या डब्यातला रंग वर फासला."

"यानंच काढला असेल! नेऊन विकला असेल!"

"सुतारदादा, भोक बुजवायला तुम्ही काय वापरता?"

"लांबी. वाळली की दगड."

आत्यानं पिनेचं टोक भाच्याच्या नाकासमोर धरलं. "याला पुदिन्याचा वास येतोय. ही टूथपेस्ट आहे. त्या फळीवरची. दादाला कवळी, तो पेस्टला हात लावायचा नाही. मंडळी जेवून, हात धुवून गेली, दात घासून नाही. ब्रश अजून वेष्टनात आहेत. मग एवढी ट्यूब पिळली कुणी?"

भाच्याची नजर फळीवरच्या ट्यूबकडे गेली.

"बाहेर घड्याळाच्या जागी भिंतीत पण हाच वास आहे रे. तिथे मात्र आपला हात कुणी धरणार नाही म्हणून ऐटीत सांगत होतास. दादा माझ्याकडे, बायको आईकडे. शुक्रवारी सुतार गेल्यापासून रविवारी मंडळी येईपर्यंत या घरात तू एकटा होतास."

"हे सगळे तुझे तर्क आहेत. दांडा कुठाय? दाखव ना दांडा!"

त्याची बायको न बोलता आत गेली. परत आली ती टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तिनं ते बेसिनच्या कडेवर ठेवलं आणि उलगडलं. स्टीलचा दांडा. स्क्रूच्या चकत्यांना मागून हिरवा रंग चिकटलेला.

"तुझ्या बॅडमिंटनच्या बॅगेत होता," ती म्हणाली. "परवा सापडला."

"मग परवाच का नाही बोललीस?" आत्यानं विचारलं.

"हा स्वतः सांगेल म्हणून वाट बघत होते. परवा बघितली, काल बघितली. आज सकाळी हा सुताराला आत टाकायच्या गोष्टी करत नाश्ता करत होता." ती आत्याकडे वळली. "दांडा दवाखान्यासारखा दिसतो, हे मी म्हणाले होते, आत्याबाई. दिसू दे, पण बाबांसाठी तोच लावा, असंही म्हणाले होते. पुढचं मला कुणी विचारलंच नाही."

आत्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनंही विचारलं नव्हतं.

भाचा चौकटीला धरून खाली बसला. "एका रविवारचा तर प्रश्न होता! साहेब येणार, आणि बाथरूममध्ये हा दांडा. घरात कोण आजारी आहे, विचारलं असतं. सगळी शोभा गेली असती. काढला तर तिथे मोकळं मोकळं दिसायला लागलं, म्हणून मुठींबरोबर आलेली दांडी चिकटवली. मंडळी गेली की परत लावणार होतो. विसरलो, आत्या. देवाशप्पथ, विसरलो."

"विसरलास, हे मी मानते. माणूस विसरतो. पण माझा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हाही हा दांडा तू बॅगेत तसाच दडवलास. नंतर या माणसाविरुद्ध तक्रार लिहिलीस, शुद्ध अक्षरात, खाली सही करून. ते विसरून नाही झालं."

"घरातली गोष्ट घरातच राहू दे. मी तक्रार मागे घेतो. तुझ्या पाया पडतो."

"पाया पडायचे ते पाय गेले." आत्यानं चौकीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "तक्रार मागे घेऊन याच्यावरचा डाग निघणार नाही. खरं काय झालं ते सांग. सगळं. मी इथेच उभी आहे."

त्यानं सांगितलं. रडत, अडखळत, पण सांगितलं. चौकीतल्या साहेबांनी तिकडून दोनदा परत विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा सांगावं लागलं.

सुतार घाम पुसत म्हणाला, "मी निघू का ताई?"

"थांबा. तेवढा दांडा बसवून जा."

"आता कुणासाठी?"

"मला बघायचाय."

सुतारानं खळग्यांतली पेस्ट टोकरून काढली आणि दांडा टेकवला. चारही भोकं बरोबर जुळली. पेचकस फिरायला लागला. त्या आवाजात भाचेसून कुणाकडेही न बघता बोलत होती.

"रविवारी रात्री बाबांचा फोन आला होता. म्हणाले, मला नीट दिसत नाही गं, दांडा नक्की आहे ना तिथे? मी म्हटलं, आहे बाबा. बिनधास्त भार टाका. तुमच्या लेकानं स्वतः बघितलाय."

शेवटचा स्क्रू घट्ट झाला. सुतार बाजूला सरला. आत्या कमोडच्या झाकणावर बसली, दादा बसायचा तशी, मग दांडा दोन्ही हातांनी धरून तिनं सगळा भार त्यावर टाकला आणि उठली.

दांडा तसूभरही हलला नाही.