झोपलेला सेल्फ

पहिली खटकली ती सीट. नीला पाण्याची बाटली भरून परत आली, ॲम्बॅसडरमध्ये बसली, तर तिचा पाय क्लचपर्यंत पोचेना.

गोष्ट ऐकायची तर बसा नीट. दिवा हवा तर राहू द्या, पण मधूनच कुणी उठायचं नाही.

नीला म्हणजे मोहने गावच्या परशुराम ड्रायव्हरची मुलगी. कॉलेजात शिकणारी, हुशार, पण भारी भित्री. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी हिचा हात छातीवर. आदल्या साली परशुराम लग्नाची वर्दी, म्हणजे वऱ्हाडाचं भाडं, घेऊन गेलेला. हॉलबाहेर गाडी लावली, सीट पार मागे ढकलली, म्हणाला, जरा डोळा लागू दे... तो उठलाच नाही.

तीच ही गाडी. पुढची सीट म्हणजे सलग बाकडं, गंजलेलं. नीला ठेंगणी. आपल्यापुरती सीट पुढे ओढायला तिने मावसभावाची, राघोची, मदत घेतलेली; दोघांनी दम लावला तेव्हा कुठे ती करकरत सरकली. आणि आता ती मागे होती. पार मागे.

"आई, सीट तू ढकललीस?"

मागे आवडाबाई खिडकीला टेकलेली. तिने नाही म्हणून नुसती मान हलवली. तोंडातून शब्द नाही, फक्त दम्याची शिट्टी. आत जाताना एक, बाहेर येताना एक.

साल एकोणनव्वद. पौष वद्य त्रयोदशी, रात्री साडेदहाचा सुमार. टिटवाळ्याला मावशीकडे, मनुबाईकडे, जेवायला गेलेल्या मायलेकी. जेवणानंतर आवडाबाईला दमा उसळला, औषधाचा पंप रिकामा निघाला. राघो रात्रपाळीला गेलेला. मनुबाई दारात आडवी उभी.

"सकाळी जा गं. वाटेत गाडी बंद पडली तर धक्का कोण देणार, तुझी कॉलेजातली पुस्तकं?"

"मावशी, सकाळपर्यंत हिचा श्वास टिकायला नको का? कल्याणला हॉस्पिटलात नेलं तरच काही खरं."

"मग ऐक. वाटेत हाक ऐकू आली तर पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नकोस. तिसरी आली तरच माणूस समज."

हाकेला ओ देऊ नकोस, हे तिला सांगितलं. आपण हाक मारू नये, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

वाटेत आईने खुणेनंच पाणी मागितलं. रस्त्याकडेला हातपंप दिसला. नीलाने गाडी बंद केली, बाटली भरून आणली, आईला दोन घोट पाजले... आणि आता ही सीट.

ती कडेवर सरकून बसली. पाय ताणून क्लच दाबला. किल्ली फिरवली.

टक.

बस, एवढंच. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर, हललासुद्धा नाही.

भ्याली ती, पण बापाने शिकवलेलं विसरली नव्हती. हेडलाइट लावले, पुन्हा किल्ली फिरवली. टक. समोरच्या बाभळीवरचा उजेड तसाच्या तसा. परशुराम, तिचा आबा, म्हणायचा, "दिवे मेले तर बॅटरी मेली. दिवे जागे आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ झोपलाय. झोपलेल्याला ठोकून उठवायचं."

ठोकून उठवायला दोन माणसं लागतात. एकाने बॉनेटखाली वाकून सेल्फवर पान्याने ठोकायचं, हात काढताक्षणी दुसऱ्याने सीटवरून किल्ली मारायची. बाप वाकायचा, नीला सीटवर. तो ओरडायचा, "मार!" ती विचारायची, "हात काढला?" तो "काढला" म्हणाला की मगच किल्ली फिरायची. इंजिनाच्या पंख्याने एकदा त्याचं अर्धं बोट नेलेलं, तेव्हापासूनचा नेम. दुसरा नेम असा, की सीटवर माणूस नसेल तर किल्ली काढून जवळ ठेवायची, मगच बॉनेट उघडायचं.

हँडल मारून सुरू करावी, तर हँडल घरी, पलंगाखाली. ढकलावी, तर धूड एकटीला हलणार नाही. दूर कारखान्याचे दिवे दिसत होते. तिथपर्यंत पळत जावं, तर आईला या अंधारात एकटं टाकायचं?

तिने किल्ली काढली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. बॉनेट उघडलं. टॉर्च बगलेत धरला, पाना आत लांबवला, सेल्फवर ठोकला. पळत सीटवर. गाठ सोडली, किल्ली लावली.

टक.

पुन्हा गाठ. पुन्हा पाना. पुन्हा पळापळ.

टक.

मागची शिट्टी बारीक झालेली. दोन शिट्ट्यांमध्ये आता फार वेळ जात होता.

तिसऱ्यांदा ती वाकली. वर उघडं बॉनेट, पलीकडची काच दिसत नाही, सीट दिसत नाही. हात ठोकत होता, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "मार!"

आपल्याच आवाजाला ती दचकली. कुणाला सांगतेय मी?

शिट्टी... मग काहीच नाही... मग शिट्टी.

"मार ना!" या वेळी चिडून. रडून.

रातकिडे थांबले.

तिने कान दिला. आईचा श्वास... नाही. पाना घामाने निसटत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, जीव खाऊन ठोकला, आणि ओरडली,

"आबा, मार!"

तिसरी हाक.

मग आई बोलली. दमा उसळल्यापासून जिला अख्खा शब्द जमला नव्हता ती. स्वच्छ. शिट्टी नाही, धाप नाही. रोज पहाटे नवऱ्याला उठवायची, अगदी तशी.

"अहो... उठा. पोरगी हाक मारतेय."

बॉनेटपलीकडे सीट करकरली.

गाडी पुढून थोडी दबली, माणूस सरळ होऊन बसला की दबते तशी.

नीलाने एका हाताने ओढणीचं टोक चाचपलं. गाठ घट्ट होती. किल्ली गाठीत होती.

आत टक झालं.

दुसरा हात अजून इंजिनात, पंख्याजवळ. तो तिला काढता येईना.

आणि झोपेतून उठलेल्या घोगऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"हात काढला?"